जुन्या संगणकातील अनोळखी ओळी

मुंबईच्या अंधेरी उपनगराच्या पूर्वेस वसलेल्या मरोळचे रूप गेल्या काही वर्षांत पुरते पालटले आहे. जून २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली आणि मरोळ नाक्यावर स्थानक आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भुयारी मेट्रोचा टप्पा खुला झाला आणि त्याच नाक्याच्या जमिनीखालून दुसरी मेट्रो धावू लागली. काचेच्या दर्शनी भिंती असलेल्या कचेऱ्यांच्या इमारती रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभ्या राहिल्या. तथापि या इमारतींच्या मागे औद्योगिक वसाहतीचे जुने गाळे अजूनही आपले काम करीत आहेत. लेथ, मिलिंग यंत्रे, छपाई, साचे तयार करणे अशा नाना व्यवसायांचा तेथे वावर आहे. अशा गाळ्यांत एखाद्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, पांढऱ्याचा पिवळट झालेला एखादा संगणक अद्यापि दृष्टीस पडतो. तो नवा घेण्याची ऐपत नाही म्हणून ठेवलेला असतो असे नव्हे. त्याच्याशी जोडलेले यंत्र, त्यातील जमाखर्च किंवा त्यातील मराठी मजकूर दुसऱ्या कोणत्याही संगणकाला कळत नाही, म्हणून तो ठेवावा लागतो.

हा संगणक एके दिवशी मंदावतो. सुरू होताना पडद्यावर काही तक्रार उमटवतो. दुरुस्तीसाठी आलेला तरुण तंत्रज्ञ बहुधा त्या संगणकापेक्षा वयाने लहान असतो. तो संगणकाच्या मूळ फाइली उघडतो. त्यांत त्याला कधी न पाहिलेली अक्षरे, चिन्हे आणि आकडे दिसतात. या ओळी कशाच्या आहेत, कोणी घातल्या आहेत, विषाणूच्या तर नव्हेत ना, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. ओळ अनोळखी दिसली की ती काढून टाकण्याकडे मनाचा कल असतो आणि येथेच नुकसानीचा प्रारंभ होतो. काढलेली ओळ निरुपयोगी असेल तर बिघडत नाही, पण ती लेथशी बोलणारी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर आलेला कारागीर हात बांधून बसतो.

प्रस्तुत लेखात अशा ओळींची ओळख कशी पटवावी हे सांगावयाचे आहे. संगणकाच्या पडद्यावर या ओळी रोमन लिपीत असतात. वाचकांच्या सोयीसाठी येथे त्या नागरीत उतरून दिल्या आहेत.

मरोळ आणि संगणक

मरोळचा आणि संगणकाचा संबंध जुना आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. मरोळ येथे वसाहत उभी राहिली. १९७३ साली केंद्र शासनाने याच परिसरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी एक स्वतंत्र क्षेत्र स्थापन केले. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र हे त्याचे पूर्ण नाव. लोकांच्या तोंडी ते 'सीप्झ' म्हणूनच रूढ झाले. देशातील असे पहिले क्षेत्र १९६५ साली गुजरातमधील कांडला येथे सुरू झाले होते. सीप्झ केवळ इलेक्ट्रॉनिक उद्योगासाठी निर्माण झाले हे त्याचे वैशिष्ट्य. नावात सांताक्रूझ असले तरी ठिकाण अंधेरी पूर्वेचे, हा विरोधाभासही येथे सहज नमूद करण्यासारखा आहे, कारण नावावरून ठिकाण ठरवू नये हा धडा पुढे संगणकाच्या फाइलींतही उपयोगी पडतो.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात टाटा उद्योगसमूह आणि अमेरिकेतील बरोज कंपनी यांनी मिळून स्थापन केलेली टाटा बरोज ही कंपनी सीप्झमध्ये काम करू लागली. आयबीएम कंपनीने १९७८ साली भारतातील आपला कारभार आवरला होता, तो हाच काळ. सॉफ्टवेअर तयार करून परदेशी पाठवावयाचे ही कल्पना तेव्हा देशात नवी होती. पुढे रत्ने व दागिने घडवणारे उद्योगही या क्षेत्रात आले आणि २००० साली त्याचे रूपांतर विशेष आर्थिक क्षेत्रात झाले. क्षेत्राच्या कुंपणाबाहेर, वसाहतीतील लहान उद्योजकांनी मात्र ऐंशी-नव्वदीच्या दशकांत वैयक्तिक संगणक घेतले ते आपल्या गरजेपुरते. कोणी पगारपत्रकासाठी घेतला, कोणी यंत्राला मापे पुरवण्यासाठी, तर कोणी मराठी पत्रव्यवहारासाठी. आज जे जुने संगणक आढळतात ते बहुतांशी त्या पिढीचे.

चार फाइली, चार कामे

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्याच्या डॉस या कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती १९८३ साली निघाली आणि तिच्याबरोबर 'कॉन्फिग.सिस' ही फाइल आली. संगणकाला कोणकोणती उपकरणे जोडली आहेत, स्मृतीची वाटणी कशी करावयाची, हे या फाइलीत साध्या ओळींनी लिहून ठेवायचे. संगणक सुरू होताना त्या वाचतो आणि एकेक अमलात आणतो. तिच्यानंतर 'ऑटोएक्झेक.बॅट' या फाइलीची पाळी येते. माणसाने रोज सकाळी कळफलकावरून ज्या आज्ञा दिल्या असत्या त्या तीत आधीच लिहिलेल्या असतात. विंडोज आल्यावर 'सिस्टिम.आयएनआय' आणि 'विन.आयएनआय' या दोन फाइलींची भर पडली. पहिलीत यंत्रसामग्रीविषयीच्या नोंदी असतात आणि दुसरीत वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींच्या, म्हणजे अक्षरवळण, छपाईयंत्र, तारीख लिहिण्याची रीत इत्यादींच्या. विंडोज ९५ पासून बऱ्याच नोंदी 'रजिस्ट्री' नामक वेगळ्या कोठारात गेल्या. पण जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून या चारही फाइली तशाच राहिल्या आणि त्यांत जुन्या ओळीही.

या चारही फाइलींतील मजकूर साधा असल्यामुळे कोणीही तो वाचू शकतो आणि कोणीही बदलू शकतो. नवे कार्ड बसवणारा, नवी आज्ञावली देणारा, छपाईयंत्र जोडून देणारा, प्रत्येक जण आपली एखादी ओळ घालून जातो. जाताना ती काढून नेण्याचा रिवाज मात्र नाही. दहा वर्षे चाललेल्या संगणकाच्या फाइली म्हणूनच गावच्या जुन्या दप्तरासारख्या असतात. त्यांत हयात असामींच्या नोंदी असतात तशा गत असामींच्याही असतात आणि दोहोंचे हस्ताक्षर एकच असते.

स्मृतीची वाटणी

कॉन्फिग.सिसमध्ये आरंभीच 'डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस' अशी ओळ बहुधा असते. तिच्याखाली 'ईएमएम३८६.ईएक्सई' चा उल्लेख असलेली आणि 'डॉस=हाय,यूएमबी' अशी ओळ असते. यांचे मर्म समजण्यास थोडा इतिहास हवा. पहिल्या वैयक्तिक संगणकाची स्मृती फार तर एक मेगाबाइट इतकी मानलेली होती. तीपैकी आज्ञावलींच्या वाट्याला ६४० किलोबाइट येत, उरलेला वरचा भाग पडदा व निरनिराळी कार्डे यांच्यासाठी राखलेला असे. पुढे संगणकात अनेक मेगाबाइट स्मृती आली तरी डॉसची मूळ चौकट बदलली नाही. हायमेम ही एक मेगाबाइटच्या पलीकडील स्मृतीची किल्ली होय. ईएमएम३८६ ही वरच्या राखीव भागातील रिकाम्या जागा हुडकून त्या उपयोगात आणते आणि 'डॉस=हाय' ही ओळ कार्यप्रणालीचा काही भाग वर हलवून खालची जागा मोकळी करते. या ओळी काढल्या की संगणक सुरू होतो, पण जमाखर्चाची आज्ञावली 'स्मृती अपुरी' असे म्हणून थांबते. यंत्रात स्मृती भरपूर असूनही ती अपुरी कशी, हे कोडे मग पुष्कळांना पडते.

ईएमएम३८६ च्या ओळीपुढे कधी 'एक्स=डी०००-डी३एफएफ' असे काहीतरी चमत्कारिक लिहिलेले असते. ही विषाणूची खूण नव्हे. स्मृतीच्या इमारतीतील अमुक खोल्यांत दुसरे बिऱ्हाड आहे, तेथे कोणी जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. बिऱ्हाडकरू म्हणजे बहुधा जाळे जोडणारे एखादे कार्ड. ते कार्ड अजून पेटीत असेल तर ओळ ठेवली पाहिजे. पेटी उघडून पाहणे हा तेथे उत्तम पुरावा. 'फाइल्स=४०' म्हणजे एका वेळी चाळीस फाइली उघड्या ठेवण्याची मुभा. 'स्टॅक्स=९,२५६' म्हणजे उपकरणांनी मध्येच हाक मारली तर हातातले काम ठेवण्यासाठी २५६ बाइटांचे नऊ कप्पे. या ओळी निरुपद्रवी आहेत.

'लास्टड्राइव्ह' या ओळीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. संगणकाने चकत्यांना ए, बी, सी अशी अक्षरे कोठवर द्यावीत हे ही ओळ ठरवते. नव्वदीच्या दशकात ज्या कचेऱ्यांत नॉव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली होती तेथे 'नेटएक्स' नावाची आज्ञावली जाळ्याशी जोडणी करून देई. जाळ्यावरील चकत्यांसाठी ती 'लास्टड्राइव्ह'च्या पुढची अक्षरे वापरी. शेवटचे अक्षर ई असेल तर जाळे एफ पासून सुरू होई. तेथे कोणी हौसेने 'लास्टड्राइव्ह=झेड' करून ठेवले की झेडच्या पुढे अक्षरच उरत नाही, म्हणून जाळे बंद. याच नेटवेअरची पुढची 'व्हीएलएम' पद्धत आली तेव्हा तिला नेमके 'लास्टड्राइव्ह=झेड'च हवे असे. म्हणजे एकच ओळ एका कचेरीत दोष आणि शेजारच्या कचेरीत आवश्यक अट. तेव्हा ओळ बरोबर की चूक हे ती ओळ एकटी पाहून ठरवता येत नाही. शेजारच्या ओळी आणि पेटीत प्रत्यक्ष काय आहे, हेही पाहावे लागते.

लेथशी बोलणारी ओळ

ऑटोएक्झेक.बॅटमध्ये 'पाथ', 'प्रॉम्प्ट', 'सेट टेम्प' या ओळी ओळखीच्या असतात. 'सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी४' ही ओळ पाहून मात्र नवखा माणूस दचकतो. ती ध्वनिकार्डाचा पत्ता सांगते. ए म्हणजे कार्डाशी बोलण्याचे ठिकाण २२०, आय म्हणजे हाक मारण्याची तार क्रमांक ५, डी म्हणजे स्मृतीशी थेट देवघेव करण्याचा मार्ग क्रमांक १ आणि टी म्हणजे कार्डाचा प्रकार. कार्ड कधीच काढून टाकले असेल तर ही ओळ निर्जीव आहे. ती राहिल्याने काही बिघडत नाही.

पण 'मोड कॉम१:९६००,ई,७,२' अशी एखादी ओळ दिसली तर लेखणी तत्काळ खाली ठेवावी. संगणकाच्या मागील बाजूस असलेल्या सीरियल जोडणीतून अक्षरे किती वेगाने आणि कोणत्या शिस्तीने जातील हे ती ठरवते. सेकंदाला ९६०० बिट, सम पॅरिटी, दर अक्षराला सात बिट आणि शेवटी दोन विराम बिट असा तिचा अर्थ. संगणकनियंत्रित लेथ वा मिलिंग यंत्रांना मापांचा कार्यक्रम पुरवताना हीच शिस्त पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. कित्येक लहान कारखान्यांत त्यासाठी स्वतंत्र आज्ञावली घेतलेली नसते. फाइलीची नक्कल 'कॉम१' कडे पाठवली की काम भागते. अशा ठिकाणी मोडची ओळ गेली की जोडणी आपल्या मूळ वेगावर परत येते, लेथला आलेली अक्षरे अर्थशून्य ठरतात आणि यंत्र धोक्याचा दिवा लावून थांबते. संगणक ठीक आहे, तार ठीक आहे, यंत्रही ठीक आहे, तरी काम बंद! तंत्रज्ञ तार बदलतो, मग कार्ड बदलतो, लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या होतात. हरवलेली असते ती केवळ एक ओळ. ती ज्याने काढली त्याला तर काढल्याचे स्मरणही नसते.

तारांकित नावे

सिस्टिम.आयएनआय ही सर्वांत जास्त घाबरवणारी फाइल. तीत चौकटी कंसात विभागांची नावे असतात. त्यांपैकी '३८६एन्ह' या विभागात 'डिव्हाइस=*व्हीशेअर', 'डिव्हाइस=*डायनापेज', 'ईबायोस=*ईबायोस' अशा ओळींची रांग दिसते. चौकस माणूस 'डायनापेज' नावाची फाइल चकतीवर शोधू लागतो आणि ती कोठेच सापडत नाही. जी फाइल अस्तित्वात नाही तिची नोंद कशी, या विचाराने संशय दृढ होतो. वस्तुतः उलगडा त्या तारांकनात आहे. नावाआधी तारा असला तर तो ड्रायव्हर स्वतंत्र फाइलीत नसून विंडोजच्याच एका मोठ्या फाइलीच्या पोटात आहे असे समजावे. विंडोज ९५ व ९८ मध्ये ती फाइल 'व्हीएमएम३२.व्हीएक्सडी' ही असते. तारा नसलेले नाव असेल आणि शेवटी '.३८६' वा '.व्हीएक्सडी' असेल तर ती फाइल चकतीवर असलीच पाहिजे. ती नसेल तर ओळ मृत आहे आणि सुरू होताना उमटणारी तक्रार बहुधा तिच्यामुळेच आहे.

याच विभागात 'सेंटिनल' किंवा 'हार्डलॉक' असे शब्द कधी आढळतात. महागड्या आज्ञावलींची चोरी होऊ नये म्हणून त्या काळी छपाईयंत्राच्या जोडणीला एक लहानशी डबी लावीत. ती डबी आहे की नाही हे तपासणाऱ्या ड्रायव्हरची ही नावे आहेत. नाव पहारेकऱ्याचे, काम पहाऱ्याचे, पण ऐकणाऱ्याला ते हेरगिरीचे वाटते. ओळ काढली की आरेखनाची वा साच्यांची आज्ञावली उघडत नाही.

'ड्रायव्हर्स३२' या विभागात 'व्हिडसी.सीव्हीआयडी', 'व्हिडसी.आयव्ही५०', 'एमएसएसीएम.टीआरएसपीसीएच' असे शब्द असतात. चित्रफिती आणि आवाज दाबून लहान करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची ती चार-सहा अक्षरी टोपणनावे होत. पहिली पद्धत सिनेपॅक, दुसरी इंटेल कंपनीची इंडिओ, तिसरी ट्रूस्पीच. कारखान्याच्या कामात त्यांचा उपयोग नगण्य आहे आणि त्रासही नगण्य आहे.

'पासवर्ड लिस्ट्स' या विभागात माणसांची नावे सापडतात. त्या संगणकावर कधीकाळी ज्यांनी आपले नाव घालून काम केले त्यांच्यासाठी '.पीडब्ल्यूएल' अशी एकेक फाइल तयार होते आणि तिचा पत्ता येथे लिहिला जातो. निवृत्त झालेल्या लेखनिकाचे नाव पाहून नव्या मालकाला कोणी परका माणूस संगणकात शिरला असे वाटणे स्वाभाविक आहे. तो शिरला होता खरा, पण दहा वाजता, डबा घेऊन.

मराठी अक्षरांची नोंद

विन.आयएनआयमधील 'फॉन्ट्स' या विभागाकडे महाराष्ट्रातील वाचकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी झालेल्या संशोधनातून जिस्ट हे तंत्र निर्माण झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे वाढवले. डॉसच्या काळात जिस्ट कार्ड बसवून मराठी लिहिता येई, पुढे विंडोजसाठी आज्ञावली आल्या. पुण्याचीच श्री-लिपी आणि बंगळूरची आकृती याही आज्ञावली महाराष्ट्रातील कचेऱ्यांत व छापखान्यांत स्थिरावल्या. विंडोज ३.१ च्या विन.आयएनआयमध्ये अशा अक्षरवळणांची नोंद होई. 'डीव्ही-टीटीसुरेख' अथवा 'डीव्ही-टीटीयोगेश' अशी नावे तीत दिसतात. डीव्ही म्हणजे देवनागरी आणि टीटी म्हणजे ट्रूटाइप. पुढच्या विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत गेली, तरी नावे तीच राहिली.

इंग्रजीत अक्षरवळण बदलले तर मजकूर कुरूप होईल, पण वाचता येईल. त्या काळच्या मराठी मजकुराचे तसे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली होती. परंतु विंडोजवर टंकलिखित झालेला पुष्कळसा मजकूर त्या प्रमाण संकेतांत साठवला न जाता त्या त्या अक्षरवळणाच्या खासगी आकड्यांत साठवला गेला. म्हणजे फाइलीत 'क' नसतो. 'या वळणातील अमुक क्रमांकाचा आकार' एवढेच असते. वळण गेले की त्याच आकड्यांच्या जागी रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा उमटतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते, कामगारांची सेवापुस्तके, न्यायालयात दाखल केलेले अर्ज असा कितीतरी मजकूर या अवस्थेत जुन्या संगणकांत पडून आहे. युनिकोडमध्ये त्याचे रूपांतर करून देणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, पण मूळ वळण कोणते होते हे त्यांना सांगावे लागते. ते जाणण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे ही अक्षरवळणांची नोंद. विचित्र नावे दिसली म्हणून ती साफ करणारा माणूस कुलूप ठेवतो आणि किल्ली फेकतो.

याच फाइलीतील 'इंटल' विभागात तारीख, चलन आणि दशांशचिन्ह लिहिण्याची रीत असते. १९९९ साली जगभर दोन आकडी वर्षाची चिंता चालली होती तेव्हा येथील तारखेच्या ओळीत दोन 'वाय' च्या जागी चार 'वाय' करणे हे अनेक कचेऱ्यांत पहिले काम ठरले. तेवढ्याने आतल्या आज्ञावली सुधारत नव्हत्या, हा भाग वेगळा.

खरा संशय कोठे घ्यावा

यावरून या फाइलींत विषाणूची नोंद कधीच नसते असा समज करून घेऊ नये. दोन-तीन जागा खरोखर नाजूक आहेत. विन.आयएनआयच्या आरंभी 'लोड=' आणि 'रन=' अशा दोन ओळी असतात. त्यांच्यापुढे जे लिहिले असेल ते विंडोज सुरू होताच आपोआप चालते. पुष्कळ संगणकांत या ओळी रिकाम्या असतात आणि त्या रिकाम्याच बऱ्या. १९९९ च्या जूनमध्ये पसरलेल्या एक्स्प्लोअरझिप या उपद्रवी आज्ञावलीने 'रन=' पुढे आपले नाव लिहिले होते. ते 'एक्स्प्लोअर.ईएक्सई' असे होते. विंडोजच्या खऱ्या फाइलीचे नाव 'एक्स्प्लोअरर.ईएक्सई'. एका अक्षराचा फरक घाईत नजरेतून सुटतो. ही आज्ञावली लोकांच्या पत्रांच्या व कोष्टकांच्या फाइली शून्य लांबीच्या करून टाकी.

दुसरी जागा सिस्टिम.आयएनआयच्या 'बूट' विभागातील 'शेल=' ही ओळ. विंडोज ९५ व ९८ मध्ये तेथे 'एक्स्प्लोअरर.ईएक्सई' एवढेच असावे. सप्टेंबर २००१ मध्ये आलेल्या निम्डाने याच ओळीत त्या नावापुढे 'लोड.ईएक्सई -डोन्टरनओल्ड' असे शेपूट जोडले होते. ओळीचा पहिला शब्द बरोबर असल्यामुळे पाहणारा पुढे वाचत नाही. म्हणून ही ओळ शेवटपर्यंत वाचावी.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. २००१ च्या पूर्वार्धात एक विद्युत्पत्र जगभर फिरले. तुमच्या संगणकात 'एसयूएलएफएनबीके.ईएक्सई' नावाची फाइल असेल तर तो विषाणू आहे, ती तत्काळ पुसावी आणि सर्व स्नेह्यांना कळवावे, असा त्यातील आशय होता. लोकांनी शोध घेतला. फाइल खरोखर सापडली आणि ती पुसली गेली. ती सापडणारच होती, कारण ती विंडोजचीच होती! लांब नावांच्या फाइलींची नावे जपून ठेवण्याचे साधन ते. विषाणू कोठेच नव्हता. ज्याने पत्र लिहिले त्याला एक ओळ आज्ञावलीही लिहावी लागली नाही. वापरणाऱ्याच्याच हाताने काम झाले.

तपासाची रीत

अनोळखी नोंद दिसली असता पहिली गोष्ट ती कोणत्या विभागात आहे ते पाहणे. मग नोंदीत ज्या फाइलीचे नाव आहे ती चकतीवर कोठे आहे, किती मोठी आहे आणि तिची तारीख काय, हे पाहावे. या तारखांत एक गमतीचा पण फार उपयोगी संकेत आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या मूळ फाइलींवर एकच तारीख घालून वेळेच्या जागी आवृत्तीचा क्रमांक लिहिला. डॉस ६.२२ च्या फाइलींवर ३१ मे १९९४ आणि वेळ ६ वाजून २२ मिनिटे, विंडोज ३.१ च्या फाइलींवर १० मार्च १९९२ आणि ३ वाजून १० मिनिटे, विंडोज ९५ च्या फाइलींवर ११ जुलै १९९५ आणि ९ वाजून ५० मिनिटे. अशी तारीख-वेळ असलेली फाइल बहुधा मूळ घराण्यातील असते. भलतीच तारीख म्हणजे ती नंतर आलेली. ती परकी असेल असे नाही, पण तिची चौकशी करावी. ती तारीख कारखान्याच्या खरेदी-वहीत ताडून पाहिली तर कित्येकदा उत्तर तेथेच मिळते. त्याच आठवड्यात नवे छपाईयंत्र आलेले असते.

एवढ्यावरही उलगडा न झाला तर नोंद पुसू नये, निष्क्रिय करावी. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ओळीआधी 'रेम' हा शब्द लिहिला की संगणक ती ओळ टिपण समजून ओलांडतो. आयएनआय फाइलींत तेच काम ओळीआधी घातलेला अर्धविराम करतो. विंडोज ९८ मध्ये 'एमएसकॉन्फिग' या साधनाने खूण काढून ओळ बंद करता येते आणि पुन्हा खूण घालून सुरूही करता येते. त्याआधीच्या विंडोजमध्ये 'सिसएडिट' ही आज्ञा चारही फाइली एकदम उघडून देते. डॉस ६ मध्ये संगणक सुरू होताना एफ८ ही कळ दाबली तर तो प्रत्येक ओळ चालवू की नको असे विचारीत पुढे जातो. कोणत्या ओळीवर गाडी अडते हे कळण्यास यासारखा उपाय नाही. एका वेळी एकच ओळ बंद करावी आणि मग लेथ, छपाईयंत्र, मराठी मजकूर, जमाखर्च हे सर्व एकदा चालवून पाहावे. महिनाअखेरीचे काही काम त्या संगणकावर होत असेल तर एक महिनाअखेर जाऊ द्यावी.

या सर्वांआधी करावयाचे काम म्हणजे नक्कल. चारही फाइली मिळून काही किलोबाइटांच्या असतात, एका फ्लॉपीत त्या कितीतरी वेळा मावतील. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या शेवटच्या पाच नकला आपण होऊन ठेवते, परंतु तीही त्याच चकतीवर आणि ती चकती वीस-पंचवीस वर्षांची. म्हणून शक्य तर संपूर्ण चकतीची प्रतिमा नव्या संगणकावर उतरवून घ्यावी. जुन्या चकतीच्या जागी एका लहान जोडणीच्या साहाय्याने कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवण्याची सोयही आता होऊ शकते.

याशिवाय चारही फाइली कागदावर छापून घ्याव्यात. संगणक सुरूच झाला नाही तर त्यातील नक्कल वाचता येत नाही, कागद वाचता येतो. प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या उपकरणासाठी, कोणी व केव्हा घातली हे जितके आठवेल तितके पेन्सिलीने लिहावे. ज्यांना आठवते ती माणसे अजून भेटतात, काही मरोळमध्येच राहतात आणि दूरध्वनीवर विचारले तर आनंदाने सांगतात. हा कागद यंत्राच्या देखभाल-वहीत, तेल बदलल्याच्या नोंदींशेजारी लावून ठेवावा.